पाणी म्हणतं वर, वारा म्हणतो खाली : खारजमीन आणि सोलर पॅनेल

नाशिकच्या श्रोत्यांसमोर कोकणातल्या खारजमिनीवर बोलायचं, तर सुरुवात आपल्या द्राक्षबागेपासून केलेली बरी. मांडव उभारताना आपण घडांच्या वजनाचा विचार करतो. पण वादळात कडेचा एक खांब हलला, तारेचा ताण सुटला, की ओळच्या ओळ आडवी होते. जमिनीवरच्या सोलर पॅनेलचंही तसंच आहे. ते स्वतःच्या वजनाने जागेवर राहील, हा आपला भ्रम.

हिशेब बघा. वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग ३. त्यात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबईसाठी ४४. फरक पाचाचाच, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून भार सव्वापटीहून जास्त. ४४ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो होतो. दोन चौरस मीटरच्या पॅनेलचं वजन मात्र वीस-पंचवीस किलो. म्हणजे पॅनेल धरून ठेवतो तो जमिनीत गेलेला खांब.

आपल्याकडे मुरमात ठोकलेला खांब जमीन घट्ट धरते. खारजमीन म्हणजे खाडीचा गाळ. मे महिन्यात तिला भेगा पडतात, जुलैत त्याच जागी पाय रुततो. उधाणाचं पाणी आत आलं तर वायरिंग बुडू नये म्हणून पॅनेल उंच हवं. पण पाय जितके उंच, तितका वाऱ्याला तरफेसारखा जोर मिळतो. म्हणून ते बुटकं हवं. पाणी म्हणतं वर जा, वारा म्हणतो खाली रहा. त्यात खारी हवा लोखंड खाते, ते वेगळंच.

हे भांडण नवं नाही. अलिबाग-पेणकडच्या शेतकऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोडवलंय. त्यांनी शेत उंच केलं नाही, समुद्राला बाहेर ठेवलं. माती-दगडाचा बांध आणि त्यात उघाडी. ओहोटीला तिची झापं आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला खाडीचं पाणीच ती दाबून बंद करतं. साधी युक्ती, पण एक अट आहे. बांधाला खांड पडली की ती लगेच बुजवायची, आणि ते एकट्याचं काम नव्हे.

मग प्रश्न येतो, राबायचं कुणी आणि फळ कुणाला? याच अलिबाग तालुक्यात १९३३ साली, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. सहा वर्षं जमीन पिकवली नाही. पुढे १९४८ चा खारजमीन कायदा आला, मग १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. बांधाची जबाबदारी कागदावर आली, पण बांध दर पावसाळ्यात बघावाच लागतो.

आता ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब पडले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. गंमत अशी, की २०१५ च्या सुधारित मानकात चक्रीवादळासाठी जो वाढीव गुणक आला, तो पूर्व किनाऱ्यासाठी आणि गुजरातसाठी. कोकण त्यात नाही. आणि मुंबईसाठी धरलेले ४४ मीटर म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. निसर्गचा वारा त्याहून कमीच होता. तरी एवढं पडलं. म्हणून नुसता वेगाचा आकडा बघून भागत नाही, पायाही बघावा लागतो.

आज कुणी खारजमिनीवर सोलर प्रकल्प आणला, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात. खांब उपसण्याची चाचणी मे महिन्यात घेतली की भर पावसात? पॅनेलचा उतार वाऱ्याला कमी अंगावर घेईल इतका कमी ठेवलाय का? आणि पंचवीस वर्षांच्या करारात बांधाची दुरुस्ती कुणाच्या नावावर आहे? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर पहिली दोन उत्तरं कितीही चांगली असोत, पहिल्या मोठ्या खांडीबरोबर ती वाहून जातील. खांब पोलादाचा असला, तरी त्याला धरून ठेवायचंय ते त्या बांधानेच.