एकवीस मोठे की पंचवीस?

आजचा एपिसोड सुरू होतो एका परत आलेल्या मेलपासून.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या जमिनीची सुनावणी होती. आजोबांच्या काळातलं खरेदीखत, फेरफार, जुने सातबारे, सगळं काकांनी स्कॅन केलं. फाइल झाली २१ एमबीची. मेलची मर्यादा २५ एमबी, तरी मेल परत! काकांनी फोन करून विचारलं, "तू इंजिनिअर ना रे? एकवीस मोठे की पंचवीस?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देतो.

त्यासाठी १९७१ मध्ये जाऊ. एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर कशी न्यायची, याचे नियम त्या वर्षी एप्रिलमध्ये एमआयटीतल्या एका भारतीय विद्यार्थ्याने लिहिले. त्याचं नाव अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचा. तोच आपला एफटीपी. गंमत म्हणजे सुरुवातीला ईमेलसुद्धा या एफटीपीच्याच पाठीवर बसून जायची.

पुढे १९८२ मध्ये मेलसाठी वेगळे नियम आले, एसएमटीपी. पण ते साध्या इंग्रजी अक्षरांपुरतेच. फोटो नाही, आवाज नाही, आणि आपली देवनागरी तर नाहीच. तो रस्ता मोकळा केला नॅथानिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांच्या 'माइम'ने. ११ मार्च १९९२ रोजी बोरेन्स्टीन यांनी पाठवलेल्या मेलसोबत चौघा गायकांचा फोटो आणि त्यांचं गाणं गेलं.

पण मेलचा रस्ता अक्षरांचाच राहिला. मग युक्ती काय? फाइलच्या दर ३ बाइट्सची ४ अक्षरं करायची. म्हणजे सामान एक तृतीयांशाने फुगतं. काकांचे २१ एमबी वाटेत झाले २८. आलं लक्षात? मर्यादा बहुतेक वेळा या फुगलेल्या आकाराला लागते.

त्या रात्री आम्ही पानांचे फोटो चॅटवर पाठवले. ते दाबले गेले आणि गट नंबरातला ३ की ८ तेच कळेना. मग क्लाउडची लिंक पाठवली, तर उघडायची परवानगी द्यायची राहिली. वकिलांची विनंती मेलमध्ये पडून, आणि काका झोपलेले! शेवटी चुलतभाऊ पेनड्राइव्ह खिशात घालून पहाटेच्या एसटीने गेला. कागद वेळेत पोचले.

मला जाम लाज वाटली होती. पण २०१९ मध्ये जगाने कृष्णविवराचं पहिलं चित्र पाहिलं ना, त्याचा डेटा होता जवळजवळ ५ पेटाबाइट्स, म्हणजे सुमारे ५० लाख जीबी. तो इंटरनेटने आला नाही, हार्डडिस्क विमानात घालून आणला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत महिनोन्‌महिने अडकून पडल्या होत्या.

हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे आपली एसटी काही मागासलेली नाही!"

तेव्हा मंडळी, महत्त्वाची फाइल पाठवलीत की समोरच्याला फोन करा आणि विचारा, "उघडली का? शेवटचं पान दिसतंय का?" तो हो म्हणेपर्यंत फाइल पोचलेली नाही असंच समजा. आणि काम झालं की लिंक बंद करा, कारण 'लिंक असेल त्याला दिसेल' म्हणजे खरंच कुणालाही दिसेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!