वर्षावास आणि मौन : नाशिकच्या एका शिलालेखाच्या अनुरोधानें

नाशिकजवळील त्रिरश्मि पर्वतावरच्या दहाव्या लेण्यांत उषवदाताचे जे लेख आहेत, ते बहुधा नहपानाच्या कालनिर्णयासाठीं चर्चिले जातात. प्रस्तुत लेखकास त्यांतील एका लेखाकडे वाचकांचें लक्ष निराळ्या कारणासाठीं वेधावयाचें आहे. भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहून नियमबद्ध साधना करण्याची जी चाल, तिचा जमाखर्चच ह्या लेखांत कोरलेला आहे.

लेख ४२ व्या वर्षाचा, वैशाख मासाचा. नहपानाचा जामात उषवदात हें लेणें चातुर्दिश संघास अर्पण करितो, आणि ३००० कार्षापणांची अक्षयनीवि गोवर्धनांतील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवितो : एकीकडे २००० दरमहा शेंकडा एक दरानें, दुसरीकडे १००० शेंकडा पाऊण दरानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं; व्याज तेवढें भोगावयाचें. पहिल्या रकमेंतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे. हिशेब करून पाहावा : २००० वर महिना २०, वर्षाचे २४०, वीस भिक्षूंस बारांप्रमाणें बरोबर २४०. एक कवडी उरत नाहीं. लेण्यांत कोठड्या मात्र सोळाच आहेत. तेव्हां वीस हा आंकडा कोठड्यांवरून न घेतां व्याजाच्या सोयीनें घेतला असावा, अशी शंका येते. कार्ल्याच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांतही करजिक गांवाचें दान वलूरक येथें वर्षावास करणाऱ्यांसाठींच आहे.

आतां मुख्य प्रश्न. लहानशी कोठडी, तींत दगडी ओटा, बाहेर धो धो पाऊस. हें चित्र पाहून, तेथील भिक्षु तीन महिने मौन धरून बसत असतील, असा समज सहज होतो. विनयपिटकाचा पुरावा ह्याच्या उलट आहे. महावग्गांतील प्रवारणास्कंधकांत अशी कथा आहे कीं, कोसल देशांतील कांहीं भिक्षूंनीं परस्परांशीं अक्षरही न बोलतां वर्षावास काढला, आणि तो सुखांत गेला असें बुद्धास सांगितलें. बुद्धानें त्यांची पाठ थोपटली नाहीं. पशूंप्रमाणें एकत्र राहिलांत, असें म्हणून त्यानें मूकव्रत निषिद्ध केलें. आणि वर्षावासाच्या शेवटीं पाहिलेला, ऐकलेला वा शंकित दोष सांगण्याची प्रत्येकानें इतरांस विनंति करावी, असा प्रवारणेचा विधि घालून दिला.

मग ज्यास ‘आर्य मौन’ म्हणतात तें कोणतें? मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तांत, एकत्र जमलेल्या भिक्षूंनीं धर्मकथा तरी करावी अथवा आर्य मौन तरी पाळावें, असा उपदेश आहे. संयुत्तनिकायांत ह्या मौनाचा अर्थ द्वितीय ध्यान असा केला आहे, कारण तेथें वितर्क-विचार शमतात. म्हणजे तें व्रत नव्हे, अवस्था होय. हा भेद लक्षांत न ठेवल्यास लेण्यांचें वाचनच चुकतें.

अर्वाचीन शिबिरांत ही संज्ञा नियमाच्या अर्थानें आली, आणि ती ब्रह्मदेशाच्या वाटेनें आली. लेडी सयादो (१८४६–१९२३) ह्यांनीं विपश्यना गृहस्थांपर्यंत नेली. त्यांच्या परंपरेंतील सया थेजी हे स्वतः शेतकरी गृहस्थ होते. त्यांचे शिष्य ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल. त्यांनीं १९५२ त रंगून येथें ध्यानकेंद्र काढलें. मंडालेस जन्मलेले सत्यनारायण गोएंका हे त्यांचे शिष्य. ते १९६९ त भारतांत आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरें भरूं लागलीं. त्रिरश्मि व इगतपुरी एकाच नाशिक जिल्ह्यांत असावीं, हा योगायोग मोठा सुंदर आहे; पण त्यांतून अखंड परंपरेचें अनुमान काढूं नये.

धम्मगिरीचें शिबिर दहा दिवसांचें. पहांटे चारला उठणें, रात्रीं नऊपर्यंत साधना, प्रथम आनापान आणि चौथ्या दिवसापासून विपश्यना. साधकांनीं आपसांत बोलूं नये, खाणाखुणाही करूं नयेत; परंतु आचार्यांस शंका विचारण्यास व व्यवस्थापकांस अडचण सांगण्यास मोकळीक असते. म्हणून महावग्गानें निषेधिलेलें मूकव्रत तें हेंच, असा आक्षेप टिकत नाहीं. दहाव्या दिवशीं मैत्रीभावनेनंतर मौन सुटतें. ह्यास कोणी प्रवारणा म्हणेल तर तेंही ग्राह्य नव्हे. तेथें साधक एकमेकांशीं बोलतात खरे, पण स्वतःचे दोष दाखवा अशी विनंति करीत नाहींत; दहा दिवसांपुरते जमलेल्या गृहस्थांस संघाचा तो विधि लागूही पडत नाहीं.

उषवदाताच्या लेखाकडे पुन्हां वळलें कीं ‘चिवरिक’ ह्या शब्दाचें महत्त्व ध्यानांत येतें. विनयाप्रमाणें चीवराचा काळ वर्षावासानंतरचा, म्हणजे प्रवारणेनंतरचा. त्रिरश्मीवर हा क्रम पाळला जात असेल, तर विणकरांच्या श्रेणीकडून आलेले ते बारा कार्षापण हातीं पडण्यापूर्वीं त्या वीसही भिक्षूंस संघापुढें उकिडवें बसून, हात जोडून, आपल्या दोषांविषयीं बोला असें तीनदां म्हणावें लागत असलें पाहिजे.