पुलावरचे चार बायसन

वॉशिंग्टनला शिकत होतो तेव्हा रोज संध्याकाळी घरी जाताना क्यू स्ट्रीटवरचा एक पूल ओलांडायचो. पुलाच्या दोन्ही टोकांना ब्राँझचे दोन-दोन बायसन उभे आहेत. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा अमेरिकेतला भाऊबंद. तिथले लोक त्या पुलाला 'बफेलो ब्रिज' म्हणतात. बायसन कुणी घडवले, हा प्रश्न तेव्हा मला कधी पडला नाही.

नाव कळलं ते २०२० च्या ऑक्टोबरात. पोर्टलंडमध्ये निदर्शकांनी थिओडोर रूझवेल्टचा अश्वारूढ पुतळा ओढून पाडला. बातमी वाचता वाचता शिल्पकाराचं नाव शोधलं: अलेक्झांडर फिमिस्टर प्रॉक्टर. पुलावरचे बायसनही त्याचेच निघाले!

प्रॉक्टरचा जन्म १८६० चा, कॅनडातल्या ओंटारियोचा. वाढला मात्र रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, डेन्व्हरमध्ये. शिकार आणि चित्रकला हे दोन्ही नाद लहानपणापासूनचे. सोळाव्या वर्षी त्याने एकाच दिवशी ग्रिझली अस्वल आणि एल्क मारलं. मारलेलं जनावर सोलून त्याची हाडं, स्नायू तो अभ्यासायचा. त्याच्या शिल्पांमधला जिवंतपणा इथून आला, हे जरा पचायला जड जातं.

१८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन आपल्याला विवेकानंदांच्या भाषणामुळे ठाऊक असतं. त्याच प्रदर्शनासाठी प्रॉक्टरने तिथल्या रानातले पस्तीसेक प्राणी घडवले, शिवाय घोड्यावरचा काउबॉय आणि मूळनिवासी टेहळ्या. नाव झालं. तो पॅरिसला शिकला. सेंट-गॉडन्ससारख्या मोठ्या शिल्पकाराने आपल्या अश्वारूढ पुतळ्यांचे घोडे त्याच्याकडून करून घेतले.

त्याच काळात खरे बायसन संपत होते. कधीकाळी कोट्यवधींनी असलेले हे प्राणी १८८९ च्या सुमारास जेमतेम हजारभर उरले. कातडीसाठी त्यांची कत्तल झाली. शिवाय त्यांच्यावर जगणारे मूळनिवासी उपासमारीने शरण येतील, हाही हिशेब होताच. आणि जनावर संपत आलं, तसं ते राष्ट्राचं प्रतीक झालं. व्हाइट हाउसमधल्या भोजनगृहाच्या शेकोटीवर सिंहांची मुंडकी कोरलेली होती. रूझवेल्टने ती प्रॉक्टरकडून बदलून घेतली आणि तिथे बायसन आले. पुलावरचे बायसन त्यानंतर काही वर्षांनी उभे राहिले.

पुढे माणसांच्या पुतळ्यांची कामं आली. यूजीनमध्ये १९१९ साली खांद्यावर बंदूक लटकवलेला 'पायोनियर', पोर्टलंडमध्ये १९२२ साली रूझवेल्ट, डॅलसमध्ये १९३६ साली गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती रॉबर्ट ली. २०१७ मध्ये डॅलस शहराने ली काढला. पुढे लिलावात तो चौदा लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. २०२० मध्ये पायोनियर पाडला गेला, मग रूझवेल्ट.

मला आधी वाटलं, हिशेब सोपा आहे: माणसं पडली, प्राणी टिकले. घोड्यावर बसलेला माणूस 'ही जमीन माझी' असं सांगत असतो, बिचारं जनावर कशावरच हक्क सांगत नाही.

पण मग कत्तलीचा इतिहास वाचला आणि हा हिशेब फिसकटला. पायोनियरच्या खांद्यावरची बंदूक आणि पुलावरचा बायसन ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. एक जिंकणारा, दुसरा हरलेला, आणि दोघांनाही घडवणारा हात शिकाऱ्याचा. बायसनचा कुणाला राग येत नाही, कारण तो पुतळा कुणाबद्दल बोलतोय हे आपल्याला ऐकूच येत नाही.

प्रॉक्टरचं शेवटचं मोठं काम ऑस्टिनमध्ये आहे: डोंगरउतारावरून धावत येणारे सात रानघोडे. महायुद्धात ब्राँझ मिळेना, म्हणून ओतकाम रखडलं. शेवटी १९४८ मध्ये घोडे उभे राहिले, तेव्हा तो सत्त्याऐंशी वर्षांचा होता. दोन वर्षांनी तो गेला. त्या घोड्यांवर स्वार नाही.

मागच्या वर्षी वॉशिंग्टनला गेलो तेव्हा मुद्दाम त्या पुलावर गेलो. एक बाप आपल्या मुलीला उचलून बायसन दाखवत होता. तिने विचारलं, हे इथे राहायचे का? बाप हसला आणि पुढे चालू लागला.