सरावाची जागा आणि देवमाशांचा जीव

नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांच्या माळरानावर लष्कराची के. के. रेंज आहे. खारे कर्जुने या गावावरून तिला हे नाव पडले. रणगाड्यांचा गोळीबार सुरू होण्याआधी त्याच्या तारखा आणि धोक्याचा परिसर प्रशासनाकडून जाहीर होतो. माणसांनी आणि गुरांनी त्या बाजूला फिरकू नये, अशी ताकीद असते. यामागे 1938चा कायदा आहे. सरावात पिकाचे वा मालमत्तेचे नुकसान झाले तर भरपाईची तरतूदही त्यात आहे. रेंजसाठी आपली जमीन जाईल ही आसपासच्या गावांच्या मनातली धास्ती काही या कायद्याने गेलेली नाही. तरीही एक तत्त्व त्यात मान्य झालेले आहे: देशरक्षणासाठीचा सरावसुद्धा जागा, वेळ आणि आसपासचे जीव पाहूनच करायचा. माझे म्हणणे इतकेच, की हे तत्त्व किनाऱ्यापाशी थांबू नये.

पाणबुडी शोधणारी सोनार यंत्रणा पाण्यात आवाजाचे जोरदार ठोके सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर समुद्रात सुमारे 1500 मीटर, आणि तो फार दूरवर पोचतो. खोल अंधारात देवमाशाला डोळ्यांचा उपयोग थोडा. त्याचा सगळा संसार कानांवर चालतो. सोनारचा सर्वांत जास्त फटका बसतो तो चोचीसारखे तोंड असलेल्या, अतिशय खोल बुड्या मारणाऱ्या देवमाशांना. मार्च 2000मध्ये बहामा बेटांजवळ अमेरिकी नौदलाचा सराव चालू असताना 17 सस्तन सागरी प्राणी किनाऱ्याला लागले. पुढच्याच वर्षी खुद्द नौदलाच्या सहभागाने झालेल्या चौकशीत सोनार हेच सर्वांत संभाव्य कारण ठरले. सप्टेंबर 2002मध्ये कॅनरी बेटांवर सराव सुरू झाल्यावर काही तासांतच असे देवमासे वाळूवर येऊ लागले, एकूण 14. शवविच्छेदनात त्यांच्या रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आणि अवयवांत रक्तस्राव आढळला. आवाजाने बिथरल्यामुळे त्यांची बुडी मारण्याची लय बिघडते आणि खोल बुडी मारणाऱ्या माणसांना होतो तसा विकार त्यांना जडतो, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला.

कुणी म्हणेल, देवमासे तर सोनारच्या आधीपासून किनाऱ्याला लागत आले आहेत. हे खरेच आहे. 1852मध्ये कलकत्त्याजवळ देवमाशांचा कळप अडकला होता. 1973मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर 147 देवमासे आले. आपल्याकडे 2015मध्ये रेवदंड्याला आणि नोव्हेंबर 2023मध्ये गणपतीपुळ्याला आलेल्या देवमाशांचा दोष नौदलावर टाकणे अन्यायाचे होईल. पण तापाची कारणे अनेक असली म्हणून मलेरिया खोटा ठरत नाही. शिवाय मेलेल्यांवरच हिशेब संपत नाही. कॅलिफोर्नियाजवळच्या प्रयोगांत सोनारसारखा आवाज ऐकताच काही निळ्या देवमाशांनी खाणे सोडून जागा बदलली, आणि हे नुकसान कुठल्याही किनाऱ्यावर दिसत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. शत्रूची पाणबुडी शोधायची तर सराव हवाच. मात्र स्पेनने 2004मध्ये कॅनरी बेटांभोवती 50 सागरी मैलांत सोनार वापरावर बंदी घातली; त्याचे नौदल त्यामुळे मोडकळीला आले नाही, आणि पुढची अनेक वर्षे तिथे तसे सामूहिक मृत्यूही झाले नाहीत.

के. के. रेंजच्या कडेच्या गावकऱ्याला निदान तारीख कळते, तो गुरे वळवू शकतो. देवमाशाला नोटीस बजावता येत नाही. म्हणून अरबी समुद्रातल्या सरावांची जागा आणि हंगाम ठरवताना सागरी जीवशास्त्रज्ञांना आधी विचारावे, आणि कोकणात किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक देवमाशाच्या कानाची तपासणी शवविच्छेदनात सक्तीची करावी.