जुने हवाना

जुने हवाना (स्पॅनिश: ला आबाना विएहा) हा क्युबा देशाची राजधानी असलेल्या हवाना शहराचा सर्वांत जुना भाग आहे. हवानाच्या खाडीच्या पश्चिम काठावर तो वसला आहे. १९८२ साली युनेस्कोने जुने हवाना आणि त्याच्या संरक्षणासाठी बांधलेले किल्ले यांचा जागतिक वारसा स्थानांच्या यादीत समावेश केला. चौक, चर्च, वाडे आणि किल्ले पाहण्यासाठी येथे जगभरातून पर्यटक येतात. मात्र हा भाग लोकवस्तीचा असल्याने वास्तूंचे जतन आणि रहिवाशांची घरे हे दोन प्रश्न येथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

इतिहास

स्पॅनिश वसाहतकारांनी प्रथम क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर वस्ती केली होती. ती १५१९ साली उत्तर किनाऱ्यावरील सध्याच्या जागी आली. अमेरिका खंडातील सोने-चांदी घेऊन स्पेनला परतणारी जहाजे या सुरक्षित बंदरात एकत्र जमत व ताफ्याने पुढे निघत. या व्यापारामुळे शहर भरभराटीस आले, तसेच समुद्री चाच्यांचे लक्ष्यही बनले. १५५५ साली जाक द सोर या फ्रेंच चाच्याने शहर लुटून जाळले. त्यानंतर भक्कम दगडी किल्ले बांधण्यात आले. १६७४ साली शहराभोवती तट उभारण्यास सुरुवात झाली. १७६२ साली ब्रिटिशांनी शहर जिंकले, परंतु पुढील वर्षी फ्लोरिडाच्या बदल्यात ते स्पेनला परत केले. शहर तटाबाहेर वाढू लागल्यावर १८६३ पासून तट पाडण्यात आला. त्याचे काही अवशेष रेल्वे स्थानकाजवळ दिसतात.

पुढे श्रीमंत कुटुंबे वेदादो व मिरामार यांसारख्या नव्या वस्त्यांत राहावयास गेली. त्यांच्या रिकाम्या वाड्यांचे खोल्याखोल्यांत विभाजन होऊन तेथे अनेक कुटुंबे दाटीने राहू लागली. नव्या बांधकामांचा ओघ अन्यत्र वळल्यामुळे जुन्या इमारती पाडल्या गेल्या नाहीत, पण देखभालीअभावी त्या जीर्ण झाल्या.

प्रमुख चौक

प्लासा दे आर्मास हा शहरातील सर्वांत जुना चौक होय. येथील स्पॅनिश गव्हर्नरांच्या प्रासादात आता शहराचे संग्रहालय आहे. त्याच्या समोरील रस्ता लाकडी ठोकळ्यांनी फरसबंद केलेला आहे. गाड्यांच्या खडखडाटाने गव्हर्नरांची झोपमोड होऊ नये म्हणून तसे केले, असे सांगितले जाते. चौकातील एल तेंप्लेते ही १८२८ ची छोटी वास्तू शहराच्या स्थापनेचे स्मारक आहे. दरवर्षी १६ नोव्हेंबर या स्थापनादिनाच्या सुमारास नागरिक तिच्या आवारातील सेइबा वृक्षाला तीन प्रदक्षिणा घालतात.

कॅथेड्रलचा चौक पूर्वी दलदलीचा होता. जेझुइट पंथीयांनी १७४८ साली सुरू केलेले येथील चर्चचे बांधकाम, त्यांची हकालपट्टी झाल्यानंतर, १७७७ साली पूर्ण झाले. बरोक शैलीतील या चर्चचे दोन मनोरे असमान रुंदीचे आहेत.

प्लासा विएहा म्हणजे ‘जुना चौक’. १५५९ साली आखलेल्या या चौकाचे मूळ नाव मात्र ‘नवा चौक’ असे होते. १९५२ साली त्याच्याखाली वाहनतळ बांधल्याने चौकाची मूळ पातळी बदलली. १९९० च्या दशकात तो वाहनतळ काढून चौक पूर्ववत करण्यात आला. बंदरालगतच्या सान फ्रान्सिस्को चौकातील जुन्या मठाच्या चर्चमध्ये आता संगीताचे कार्यक्रम होतात.

किल्ले

रेआल फुएर्सा हा किल्ला १५५८ ते १५७७ या काळात बांधला गेला. त्याच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी ‘ला हिराल्दिया’ ही स्त्रीमूर्ती असून ती हवानाचे प्रतीक मानली जाते. खाडीच्या मुखावर पश्चिमेस ला पुंता आणि पूर्वेस एल मोरो हे किल्ले समोरासमोर आहेत. १७६२ साली ब्रिटिशांनी दीर्घ वेढ्यानंतर एल मोरो जिंकला, तेव्हा त्यालगतची उंच टेकडी असंरक्षित होती. ही उणीव दूर करण्यासाठी स्पेनने १७६३ ते १७७४ या काळात तेथे ला काबान्या हा विस्तीर्ण किल्ला उभारला. पूर्वी वेशी बंद होण्याची सूचना तोफेने दिली जाई. त्या प्रथेची आठवण म्हणून ला काबान्यावर आजही रोज रात्री ९ वाजता तोफ डागली जाते. जुन्या शहरातून या किल्ल्यांकडे खाडीखालील बोगद्यातून जाता येते.

संवर्धन

१९३८ साली एमिलियो रोइग यांच्या पुढाकाराने ‘शहर इतिहासकार कार्यालय’ स्थापन झाले. त्यांचे उत्तराधिकारी एऊसेबियो लेआल (१९४२–२०२०) यांनी अनेक दशके संवर्धनाचे नेतृत्व केले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर क्युबात आर्थिक संकट ओढवले. तेव्हा १९९३ च्या एका कायद्याने या कार्यालयास स्वतः उत्पन्न मिळवून ते जीर्णोद्धारासाठी वापरण्याचा अधिकार दिला. त्याच्या अखत्यारीतील आबागुआनेक्स कंपनी हॉटेले, उपाहारगृहे व दुकाने चालवू लागली. पर्यटनातून मिळालेल्या पैशातून वास्तूंबरोबरच शाळा, प्रसूतिगृह आणि वृद्धांसाठीच्या सोयी यांवरही खर्च झाला. २०१६ साली हे व्यवसाय लष्कराच्या नियंत्रणाखालील उद्योगसमूहाकडे सोपवण्यात आले.

या कामाचा लाभ सर्वत्र सारखा पोहोचला नाही. प्रमुख चौक व ओबिस्पो मार्गासारखे वर्दळीचे रस्ते सुधारले, तरी लगतच्या गल्ल्यांतील अनेक इमारती अजूनही टेकू देऊन उभ्या आहेत. दाट वस्ती, खाऱ्या हवेने होणारी झीज आणि मुसळधार पाऊस यांमुळे घरे कोसळण्याच्या घटना घडतात. दुरुस्तीसाठी हलवलेल्या कुटुंबांपैकी काहींना जुन्या शहराबाहेर घरे देण्यात आली. त्यामुळे जुन्या हवानाचे जतन करताना तेथील मूळ रहिवाशांना तेथेच राहता यावे, हा संवर्धनापुढील सर्वांत कठीण प्रश्न ठरला आहे.