मूर्ख रोप आणि ठेंगणा गहू

१/ १९३५ साली जपानमध्ये दोन घटना घडल्या. एका रसायनाला नाव मिळाले आणि गव्हाचे एक ठेंगणे वाण प्रसारित झाले. या दोहोंतील नाते उलगडायला ६४ वर्षे लागली. दरम्यान त्या वाणाच्या वंशजांनी भारताची कोठारे भरली होती.

२/ जपानी भातशेतीत एक जुना रोग होता. रोपे एकाएकी उंच, फिकट व बारीक होत आणि बहुधा दाणा न धरताच मरत. लोक त्यास ‘बाकानाए’, म्हणजे ‘मूर्ख रोप’, म्हणत. १९२६ साली जपानच्या अमलाखालील तैवानात एइइची कुरोसावा यांनी रोगकारक बुरशी द्रवात वाढवली, ती गाळून काढली आणि उरलेला द्रव निरोगी रोपांना दिला. तीही तशीच उंचावली! उंचीचे कारण बुरशीच्या स्रावात होते.

३/ १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला ‘जिबरेलिन’ हे नाव दिले. पुढे १९५० च्या दशकात कळले की, निरोगी वनस्पतीही ते स्वतः तयार करतात. खोड वाढवणारे ते त्यांचे संप्रेरकच आहे. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ज्या ‘जीए’च्या द्रावणात घड बुडवतात, तेही याच कुळातले.

४/ गव्हाला मात्र उंची नडत होती. खत भरपूर दिले की जुनी उंच वाणे ओंब्यांच्या भाराने, वाऱ्यापावसात लोळत. हाती आलेले पीक मातीत जाई.

५/ यावर उपाय ठरले गोन्जिरो इनाझुका यांचे ‘नोरिन १०’ हे वाण. त्याची उंची सुमारे दोन फूट. १९४६ मध्ये सेसिल सॅल्मन यांनी त्याचे बियाणे अमेरिकेत पाठवले. तेथे ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले आणि ते संकरित बियाणे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोहोचले.

६/ १९६५-६६ च्या दुष्काळात भारत अमेरिकी गव्हाच्या जहाजांवर विसंबून होता. १९६६ मध्ये आपण मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. १९६४-६५ चे सुमारे १.२ कोटी टनांचे गहू उत्पादन १९६७-६८ मध्ये सुमारे १.६५ कोटी टनांवर गेले. श्रेय एकट्या बियाण्याचे नव्हे; खत, पाणी आणि सरकारी खरेदीही त्यामागे होती. परंतु ते खत पेलणारे खोड ठेंगण्या वाणाचे होते.

७/ दुसरीकडे, १९६० मध्ये अमेरिकेत एन. ई. टॉल्बर्ट यांनी ‘क्लोरमेक्वाट’ या रसायनाने गव्हाचे खोड आखूड होते, हे दाखवले. हे रसायन जिबरेलिनची निर्मितीच रोखते. युरोपात गव्हावर त्याची फवारणी रूढ झाली.

८/ आणि ठेंगणे वाण? १९९९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी त्याच्या जनुकांचे कोडे सोडवले. या गव्हात जिबरेलिन असते. पण ‘वाढ’ हा त्याचा संदेश रोप नीट ऐकतच नाही.

९/ म्हणजे भाताचे रोप ज्या संदेशाच्या अतिरेकाने मरत होते, त्याच संदेशाकडे कानाडोळा करणाऱ्या गव्हाने आपल्याला जगवले. इनाझुका, व्होगेल, बोरलॉग यांपैकी कोणालाही हे कारण ठाऊक नव्हते. त्यांनी शेतात उभे राहून, न लोळणारे रोप तेवढे निवडले होते.

(समाप्त)