उदबत्ती, निद्रा आणि स्मृती

सुगंधी द्रव्यांच्या कृतींवरील ‘गंधवाद’ हा मराठी टीका असलेला जुना ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी अभ्यासकांपुढे आणला. गंध, निद्रा आणि स्मृती यांचे नाते मात्र २००७ मध्ये जर्मनीतील ल्युबेकच्या प्रयोगात पडताळले गेले. पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवताना गुलाबाचा गंध दिला; गाढ निद्रेत तोच पुन्हा दिला. जागे झाल्यावर सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या, गंधाविना ८६. स्वप्ननिद्रेत तो निष्फळ ठरला.

२०२० मध्ये फ्रायबुर्गच्या संशोधकांनी हाच प्रयोग सहावीच्या मुलांच्या घरी नेला. साधन कोणते? अभ्यासाच्या मेजावर आणि रात्री उशाशी ठेवलेली गुलाबाची उदबत्ती!

मोताळ्याच्या देवघरांनाही ती परिचित आहे. गंध पाठांतराची जागा घेत नाही. दिवसा कष्टाने शिकलेलेच तो रात्री दृढ करतो.